परत यायची घाई नको

अगं, शनिवारी रात्रीचा स्विचओव्हर तुझ्याकडे आलाय हे ऐकून मला किती बरं वाटलं! तुला मात्र धाकधूक होतेय, म्हणून चार गोष्टी सांगते.

स्विचओव्हर म्हणजे फेलओव्हर नव्हे, हे आधी मनाशी पक्कं कर. स्विचओव्हरमध्ये दोन्ही सर्व्हर धडधाकट असतात. प्रायमरी आपला शेवटचा रिडू स्टँडबायच्या हवाली करतो आणि मगच जागा सोडतो, त्यामुळे एकही व्यवहार हरवत नाही. फेलओव्हर करायचा तो प्रायमरी कोसळल्यावर. तिथे जे पलीकडे पोचलं नसेल ते गेलं.

खरं काम शनिवारी दुपारचं. डेटा गार्डच्या ब्रोकरमध्ये दोन्ही डेटाबेसांवर ‘व्हॅलिडेट डेटाबेस’ चालव. वरचं ‘रेडी’ वाचून थांबू नकोस, खालपर्यंत वाच. ट्रान्सपोर्ट लॅग, अप्लाय लॅग बघ. स्टँडबाय रिडू लॉगचे ग्रुप ऑनलाइन लॉगपेक्षा एकाने जास्त हवेत, आकार तोच. आणि ते आजच्या प्रायमरीवरही हवेत बरं का, कारण रात्री स्टँडबाय तोच होणार! नेमकं हेच राहून जातं. टेम्प फाइल्सही तपास. प्रायमरीवर नंतर वाढवलेल्या टेम्प फाइल्स पलीकडे आपोआप जातीलच असं नाही, आणि नसल्या तर पहिला मोठा रिपोर्टच आपटतो. बॅकअप, बॅच जॉब तेवढ्यापुरते थांबव.

कमांड देण्याआधी मशीनचं नाव मोठ्याने वाच, शेजारच्याला ऐकव. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा सेकंडरी समजून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. तो काही अडाणी नव्हता गं, थकलेला होता. म्हणून दुपारी थोडी झोप काढ.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रविवारी पहाटेच परत जुन्या जागी यायचं ठरलंय म्हणालीस. मला ते पटत नाही. डेटाबेस काही मिनिटांत पलटतो. पण कुठल्या ॲप्लिकेशनमध्ये जुन्या मशीनचा पत्ता थेट लिहून ठेवलाय, ते लोक कामाला बसल्यावरच कळतं. मुंबईत एनएसई आणि बीएसईने २ मार्च २०२४ ला शनिवार असूनही बाजार उघडला होता. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, साडेअकरा ते साडेबारा डीआर केंद्रावरून, आणि सौदे खरेखुरे. तुम्हीही सोमवारचा दिवस नव्या प्रायमरीवर काढा. महिनाअखेर नाही, गर्दी नाही, याहून चांगला सोमवार मिळणार नाही.

मॅनेजरांशी उद्याच बोल. ॲप्लिकेशनच्या टीमचा एक माणूस सोमवारी सकाळी हजर हवा, हेही तेव्हाच मागून घे. कसं मांडायचं सुचत नसेल तर आज जेवणानंतर फोन कर, मेल आपण दोघी मिळून लिहू.