बांधकामविद्येचे महाविद्यालय कसे निवडावे?



दहावीची परीक्षा जवळ आली की सावरगावात एक प्रश्न हमखास कानी येतो : “गुरुजी, पोरास इंजिनियर करावयाचे आहे, अकरावीसच नागपुरास धाडू का?” माझी पदवी कला शाखेची आणि घरची बोली कोंकणी, पुलाचे गणित मला शिकविता येणार नाही. परंतु नियम वाचता येतात, आणि ते न वाचल्याने संत्र्याच्या बागेचे दोन बहार फुकट खर्ची पडलेले मी पाहिले आहेत.

१९५६ पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. पुढे १९६० साली नागपूर व भोपाळ या दोन्ही ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. २००२ पासून ती राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जातात. या संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांस असतात, आणि राज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण व्हावी त्यावरून. म्हणजे येथे बारावी करणारा भोपाळास घरचा, नागपुरास परका. नागपुरास बारावी करणारा याच्या उलट. राज्यांच्या इतर महाविद्यालयांत रहिवासाच्या अटी निराळ्या असतात. त्याही आधी वाचाव्यात. तात्पर्य, महाविद्यालयाची निवड बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच सुरू होते.

दहावीनंतर दुसरीही एक वाट आहे. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. ज्यास हाताने काम करण्याची आवड आहे, त्याने ही वाट कमी प्रतीची मानू नये.

आता महाविद्यालय कसे पारखावे? नागपूरच्या संस्थेस ज्यांचे नाव आहे, ते विश्वेश्वरय्या बंगलोरास बी. ए. होऊन पुण्यास आले व १८८३ साली तेथून स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुण्याची ती शाळा १८५४ साली सरकारी बांधकामांस माणसे तयार करण्यासाठीच निघाली होती. शिक्षण संपताच ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि पुढे खडकवासल्याच्या धरणास त्यांनी योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे बसले. विद्या आणि काम यांचा असा सांधा जेथे असेल, ते महाविद्यालय चांगले.

म्हणून केवळ माहितीपुस्तकातील चित्रांवर भुलू नका. स्वतः जाऊन पाहा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय? राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे प्रमाणपत्र स्थापत्य शाखेसच आहे काय, आणि त्याची मुदत उरली आहे काय? ते शाखेशाखेस वेगळे मिळते. प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्रात फोडले जातात, की यंत्रावर धूळ साचली आहे? मोजणीची उपकरणे विद्यार्थ्यांच्या हाती येतात काय? सुट्टीत प्रत्यक्ष बांधकामावर धाडतात काय? शेवटच्या वर्षाच्या मुलांस हे एकांतात विचारा. ते खरे सांगतील. शुल्काबरोबर वसतिगृह व भोजनखर्चही वहीत मांडा.

जाम नदीवरचा पूल ओलांडताना आपण बांधणाऱ्याचे नाव विचारीत नाही. त्याच्या कामावर विश्वास टाकून पाऊल ठेवतो. तुमच्या कामावर उद्या कोणी असेच पाऊल ठेवणार आहे. ते काम जेथे नीट शिकविले जाईल, तेच महाविद्यालय निवडा.