जखम झाल्यावर रक्तात काय घडते?

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल गाड्या शेजारून जात असताना दारात उभे असलेले काही प्रवासी रुळांवर पडले. काही दगावले, काही जखमी झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना हा मार्ग रोजचाच. अशा अपघातात वाहणारे रक्त आपल्याला दिसते. पण शरीरात उरलेले रक्तही बदलू लागते. ते कसे, हे पाहू या.

रक्तवाहिनी फाटली की बिंबाणू तेथे गोळा होतात आणि फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे विणले जाते. हीच गुठळी. काम संपलेली गुठळी विरघळवण्यासाठी रक्तात प्लाझ्मिन तयार होते. गंभीर जखमेत मात्र प्लाझ्मिन घडवणारा पदार्थ रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून एकदम सुटतो. एकाने बांध घालावा आणि दुसऱ्याने तो फोडावा, तसे होते! पुढे काही तासांत बहुधा उलट घडते. प्लाझ्मिनला अटकाव होतो आणि नको तेथे गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

आता चरबीकडे वळू. जखमेच्या धक्क्याने अॅड्रेनॅलिन वाढते. त्यामुळे साठवलेल्या चरबीचे विघटन होऊन वसाम्ले रक्तात येतात. ते शरीराचे इंधन होय. मांडीचे हाड मोडल्यास मज्जेतील चरबीचे थेंबही शिरांत शिरतात. क्वचित ते फुप्फुसांत अडकतात आणि एक ते तीन दिवसांत रुग्णाला धाप लागते. म्हणून मोडलेला पाय हलू देऊ नये.

जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची माहिती प्रसिद्ध केली. हे औषध गुठळी विरघळू देत नाही. भारतासह ४० देशांतील २७४ रुग्णालयांत, वीस हजारांहून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली. २०१० मध्ये निष्कर्ष आला : मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर उतरले. पुढील विश्लेषणात दिसले, की लाभ तीन तासांच्या आत औषध दिले तरच होतो. उशिरा दिल्यास अपायही संभवतो. वर सांगितलेला क्रम आठवा, म्हणजे याचे कारण ध्यानात येईल.

औषध देणे डॉक्टरांचे काम. आपले काम वेळ वाचवण्याचे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीला पांघरूण घाला. कारण शरीर थंड पडले, की गुठळी घडवणाऱ्या रासायनिक क्रियाही मंदावतात.