पॅरालीगलच्या कोर्सची फी भरण्याआधी

पॅरालीगल व्हायचे ठरवलेली बहुतेक मुले आधी कोर्स शोधतात आणि मग काम कसले असते ते विचारतात. हा क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या देशात या कामाला कायद्याने कोणती जागा दिली आहे, हे आधी पाहावे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 ची कलमे 29 आणि 33 वाचली तर वकिली करण्याचा अधिकार फक्त सनद घेतलेल्या वकिलाला आहे, हे स्पष्ट होते. अधिकार नसताना कोर्टात वकिली करणाऱ्याला कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकील आणि पक्षकार यांच्या मध्ये पॅरालीगल नावाचा वेगळा वर्ग या कायद्यात कुठेच नाही. त्याची नोंदणी करणारी परिषद नाही, पात्रतेची परीक्षा नाही, कुठल्या संस्थेचे प्रमाणपत्र चालेल आणि कुठल्याचे चालणार नाही हे ठरवणारे कोणी नाही. त्यामुळे तीन महिन्यांचा कोर्स असो की वर्षभराचा डिप्लोमा, त्या कागदाच्या जोरावर एकही अधिकार मिळत नाही. नोकरी मिळते ती हाताला काय येते यावर. म्हणून फी भरताना आपण कागद विकत घेतोय की हातातले काम शिकतोय, एवढे तपासावे, हेच मला सांगायचे आहे.

यावर लगेच म्हटले जाते की आम्हाला कोर्टात उभे राहायचेच नाही, टेबलावरचे काम करायचे आहे, तिथे सनदेचा प्रश्न कुठे येतो? तो येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 साली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये परदेशी लॉ फर्मच्या प्रकरणांत सांगितले की वकिली म्हणजे फक्त युक्तिवाद नव्हे. कायदेशीर सल्ला देणे, मसुदे तयार करणे हेही वकिलीतच येते. टायपिंग, प्रूफ तपासणे, कागद लावणे, कचेरीची मदत अशी कामे करणाऱ्या आऊटसोर्सिंग कंपन्यांना मात्र 2018 च्या निकालाने मोकळे ठेवले. त्या कामाचे खरे स्वरूप वकिलीचे निघाले तर कायदा लागू होईल, अशी पुस्तीही जोडली. परदेशी फर्मसाठी आखलेली ही रेघ पॅरालीगललाही तितकीच उपयोगाची आहे. वकिलाच्या देखरेखीखाली, त्याच्या सहीसाठी मसुद्याची तयारी करणे हे काम झाले. तेच काम परस्पर, स्वतःच्या हिमतीवर, शेजाऱ्याच्या भाडेकरूला नोटीस काढण्यासाठी केले आणि पैसे घेतले की रेघ ओलांडली. 'एवढ्याशा नोटिशीला कोण विचारतो' हे उत्तर पुरेसे नाही. कोणी विचारो न विचारो, चुकीच्या नोटिशीचा भुर्दंड त्या शेजाऱ्यालाच पडतो.

पैशाच्या बाजूनेही ही रेघ स्पष्ट आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला आपल्या फीचा वाटा वकील नसलेल्या माणसाबरोबर वाटून घेता येत नाही. म्हणजे पॅरालीगल कितीही तयारीचा झाला तरी त्या ऑफिसात भागीदार होऊ शकत नाही. त्याचे उत्पन्न म्हणजे पगार. अशील आणून देण्याचे कमिशन घेणे तर त्याहून वाईट. 2023 च्या दुरुस्तीने ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम 45-अ आले आणि दलालांच्या याद्या करून त्यांना कोर्टाच्या आवारात बंदी घालण्याचा, शिक्षा करण्याचा मार्ग खुला झाला. 'क्लायंट आणा, टक्केवारी घ्या' असे कोणी सांगत असेल तर ती नोकरी नव्हे, हे पहिल्या दिवशीच ओळखावे. पगारावरच राहायचे, तर नेमणुकीचे पत्र, कामाचे तास, सुट्ट्या हे लिहून घेण्यात संकोच कसला? केरळमधल्या एका वकील फर्मच्या कारकुनाचा दावा 1984 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल असा लागला की वकिलाचे ऑफिस तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची व्यापारी आस्थापना नाही. निकाल त्या राज्याच्या कायद्यापुरता असला तरी त्यातला इशारा सगळीकडच्या कारकुनांनी लक्षात ठेवावा असा आहे.

एवढी मर्यादा असेल तर या कामात पडायचेच कशाला, असे कोणी म्हणेल. मला तसे मुळीच वाटत नाही. कोर्टातली कितीतरी प्रकरणे कायद्याच्या मुद्द्यावर नाही, तारखांवर आणि कागदांवर बिघडतात आणि तारखा-कागद सांभाळणारा माणूस म्हणजेच चांगला पॅरालीगल. चेक न वटल्याचे साधे प्रकरण घ्या. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 नुसार चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत समोरच्याने पैसे द्यायचे. न दिल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. यातली पहिली तारीख म्हणजे बँकेच्या मेमोवर छापलेली नव्हे, तो मेमो अशिलाच्या हाती कधी आला ती. म्हणून बँकेचे पत्र, ईमेल, पासबुकातली नोंद त्याच दिवशी फाईलला लावायची. पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस टाकल्यापासून नव्हे, पोचल्यापासून. त्यासाठी पोस्टाची पावती जपायची आणि ट्रॅकिंग रिपोर्ट वेळेवर काढून ठेवायचा, कारण काही काळाने तो संकेतस्थळावर दिसेनासा होतो. पाकीट 'अनक्लेम्ड' शेऱ्यानिशी परत आले तर ते न फोडता तसेच ठेवायचे. घाईही नडते: 15 दिवस पुरे होण्याआधी केलेली तक्रार ही तक्रारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ठरवले. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो; नोटिशीचे 30 दिवस चुकले तर त्याला माफी नाही. नोटिशीत काय लिहायचे हे वकील ठरवील, पण हे दिवस बिनचूक मोजून वहीत, कॅलेंडरात आणि वकिलाच्या टेबलावर मांडणारा माणूस ऑफिसात नसेल तर उत्तम मसुदाही वाया जातो.

जमिनीच्या कामात हेच आणखी खोलवर दिसते. टायटल सर्च म्हणजे सातबारा काढणे नव्हे. साधारण तीस वर्षांचे फेरफार एकामागून एक लावून प्रत्येक नाव कसे आले आणि कसे गेले ते जुळवायचे, सब-रजिस्ट्रारकडची इंडेक्स-टू त्याच्याशी ताडून पाहायची, वारस नोंदीत बहिणींची नावे गळली आहेत का ते बघायचे, इतर हक्कातला बोजा कमी झाल्याचा फेरफार खरोखर आहे की नुसतीच तोंडी खात्री, हे शोधायचे. जुन्या दप्तरात मोडी कागद निघाला तर मोडी वाचणाऱ्याला गाठायचे. यातले काहीही स्लाइड दाखवून शिकवता येत नाही. दहा खऱ्या (नावे झाकलेल्या) फाईली विद्यार्थ्याच्या हातात देऊन, त्याच्याकडून टिपण लिहून घेऊन, चुका लाल पेनने दाखवूनच ते येते. कोर्टातल्या कामाचेही तसेच: रोजनामा वाचता येणे, निशाणीचा नंबर लिहिणे, नकलेचा अर्ज करणे, बोर्डावर आपले प्रकरण शोधणे, सोळा अंकी सीएनआर नंबरवरून पुढची तारीख काढणे, ई-फायलिंगसाठी पीडीएफ नीट लावणे. त्यात 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचा तर त्या अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूची जागा आहे. एखादी संस्था आजही फक्त जुन्या पुरावा कायद्याचे कलम 65-ब शिकवत असेल तर तिच्या नोट्स जुन्या आहेत, एवढ्यावरून कळते.

'सरकारच पॅरालीगल तयार करते, मग प्रमाणपत्राला किंमत नाही कशी?' हा आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 साली विधी स्वयंसेवकांची (पॅरालीगल व्हॉलंटियर्सची) योजना आणली आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे तिचे प्रशिक्षण देतात. मला ते मनापासून महत्त्वाचे वाटते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळू शकतो, हे वस्तीत जाऊन सांगणारे लोक फार कमी आहेत. पण ही सेवा आहे. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी, तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित कैदीसुद्धा तिच्यात येऊ शकतात. कामाच्या दिवसाचे मानधन मिळते, पगार नाही. तिच्यावर घर चालेल असा हिशेब कोणी मांडू नये. दुसरा आक्षेप मोठ्या लॉ फर्मचा. मुंबई-पुण्यात पॅरालीगल घेतात हे खरे, पण तिथे चांगले इंग्रजी आणि शेकडो कागदांतून नेमका मजकूर शोधण्याची सवय लागते आणि स्पर्धा थेट एलएलबी झालेल्यांशी असते. तिसरे परदेशाचे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 2007 पासून पॅरालीगलला लॉ सोसायटीचा परवाना मिळतो आणि तो स्मॉल क्लेम्स कोर्टात स्वतः पक्षकाराची बाजू मांडू शकतो. पण त्यासाठी तिथलाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परीक्षा लागते. इथल्या डिप्लोमावर तिथले स्वप्न विकणाऱ्यापासून दूर राहावे. आणि 'डिप्लोमा केला की लॉला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश' असे कोणी सांगितले तर बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांतला नियम 13 दाखवावा. तो मधल्या वर्षी प्रवेश देऊच देत नाही.

म्हणून संस्थेत गेल्यावर नोकरीची हमी विचारू नका, फाईल दाखवायला सांगा. शिकवणाऱ्यांपैकी किती जण आज कोर्टात जातात, किती तास ऑफिसात बसवतात, विद्यार्थ्याने लिहिलेले तारखांचे टिपण कोण तपासतो, मागच्या तुकडीतल्या दोघांचे फोन नंबर मिळतील का? उत्तरे गुळमुळीत आली तर पैसे खिशात ठेवा. आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विधी स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचारा. त्याच आवारात चार-पाच वकिलांना भेटून, ठरलेल्या पगारावर, सहा महिने उमेदवारी करू देता का, असा सरळ प्रश्न टाका. त्या सहा महिन्यांत दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही फाईली हाताखालून गेल्या पाहिजेत. काम आवडले आणि स्वतः बाजू मांडावीशी वाटू लागली, तर एलएलबीच्या सीईटीचा अर्ज भरायला उशीर झालेला नसतो.