कासवाची कात की कातडीचा रोग?

वाशीमचे पद्मतीर्थ असो की तुमच्या गावचे तळे, पाण्यात राहणारे कासव अधूनमधून काठावर येऊन ऊन खात का बसते? त्यामुळे त्याचे अंग तापते आणि कातडी कोरडी होते. ओल्या कातडीवर वाढणाऱ्या बुरशीला व जीवाणूंना तेथे थारा मिळत नाही. शिवाय उन्हातील अतिनील किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम हाडांना मिळत नाही.

पाळलेल्या कासवाला टाकीत अशी कोरडी जागा मिळाली नाही, की दुखणी सुरू होतात. पण प्रत्येक पापुद्रा म्हणजे रोग नव्हे. वाढत्या कासवाच्या मानेची व पायांची कातडी तुकड्यातुकड्यांनी सुटते. पाठीवरचे पातळ, पारदर्शक पापुद्रेही गळतात. खालचा भाग स्वच्छ व टणक असेल, तर ती कात होय. ती ओढून काढू नये.

मग रोग कसा ओळखावा?

१. कातडीवर कापसासारखे पांढरे पुंजके : बहुधा बुरशी.
२. कवचावर खड्डे, मऊ डाग, दुर्गंधी : कवच कुजू लागले आहे.
३. मोठ्या कासवाचे टणक कवच सगळेच मऊ पडणे : कॅल्शियमचा किंवा ड जीवनसत्त्वाचा अभाव.

कवच म्हणजे निर्जीव टोपले नव्हे. आपल्या नखांसारख्या थराखाली हाड असते आणि त्यात रक्तवाहिन्या असतात. म्हणून जखम खोल गेली, तर जीवावर बेतते.

उपाय काय? आजारी कासव वेगळे ठेवा. पाणी वरचेवर बदला, कारण कासव त्याच पाण्यात खाते आणि घाणही करते. बसायला कोरडा दगड ठेवा. सकाळचे कोवळे ऊन द्या, पण शेजारी सावली हवीच. विदर्भातल्या उन्हाळ्यात उथळ घमेल्यातले पाणी इतके तापते, की कासव मरू शकते. बंद खिडकीच्या काचेतून आलेले ऊन पुरत नाही; काच ते उपयोगी किरण अडवते. तेल, तूप किंवा रंग कवचाला लावू नका. जखम दिसताच पशुवैद्याकडे न्या. औषध त्यांनीच ठरवावे.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जीवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे मुले आजारी पडत, म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आणखी एक गोष्ट. आपल्या तळ्याविहिरींत आढळणारे मऊ पाठीचे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ते घरी आणू नका. जखमी दिसल्यास वनविभागाला कळवा. दुकानातून आणलेले लाल कानाचे अमेरिकी कासवही कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका. ते आपल्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, आणि त्याचा रोगही सबंध तळ्यात पसरू शकतो.