हळद ताटातली आणि हळद कॅप्सूलमधली

साताऱ्याच्या वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठ हळदीसाठी प्रसिद्ध. सांगलीच्या हळदीला तर २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा हळदीबद्दल सावधगिरीचे दोन शब्द लिहायची वेळ माझ्यावर आली, त्याला कारण माझीच एक चूक.

सांगलीच्या हळद बाजारात दिवाणजी असलेले माझे एक रुग्ण. वय ४८, वजन ८४ किलो, दारूला स्पर्श नाही. तरी सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघाले. "डॉक्टर, हळदीच्या कॅप्सूल घेऊ का?" त्यांनी विचारले. दवाखान्यात गर्दी होती. "घ्या, हळदीने काय अपाय होणार?" मी म्हणून गेलो.

दोन महिन्यांनी ते पिवळे डोळे घेऊन आले. भूक मेलेली, लघवी गडद. विषाणूंच्या काविळीच्या तपासण्यांत काही आढळले नाही. तज्ज्ञांकडे पाठवले, त्यांनी कॅप्सूल बंद केल्या. यकृत पूर्ववत व्हायला अडीच महिने लागले.

असे का व्हावे? गोड आणि पिठूळ पदार्थ गरजेपेक्षा जास्त खाल्ले की यकृत त्यांची चरबी करून साठवते. यकृतात ती ५ टक्क्यांहून अधिक झाली की फॅटी लिव्हर. या चरबीच्या ज्वलनात ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात. लोखंडाला गंज चढावा तसे ते पेशींना पोखरतात. सूज येते, पुढे काहींना सिरॉसिस होतो. वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट या कणांना निष्प्रभ करतात. हळदीतील कर्क्युमिन, आवळ्यातील क जीवनसत्त्व, काळ्या द्राक्षांचा आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा रंग, हे सारे त्याच गोत्रातले.

पण प्रमाणाला महत्त्व आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. भाजीतल्या अर्ध्या चमच्यातून ४०-५० मिलिग्रॅम जाते, तेही फारसे शोषले जात नाही. कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा ५०० मिलिग्रॅम असते आणि जोडीला मिऱ्याचा अर्क. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ साली दिसून आले की, मिऱ्यातील पायपरीनमुळे कर्क्युमिनचे शोषण वीसपट वाढते. २०२२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला एक दगावला. असा त्रास थोड्यांनाच होतो. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

मग उपाय काय? वजन ५ टक्के घटले की यकृतातील चरबी कमी होते. ७ ते १० टक्के घटले तर सूजही उतरू लागते. म्हणून :

१. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला.
२. साखर, गूळ, काकवी, शीतपेये आणि बेकरीचे पदार्थ आवरा.
३. पालेभाजी, कडधान्ये, आवळा, एखादे फळ रोज खा. रस काढू नका. बेदाणे मूठभर नकोत, साखर फार असते.
४. दारू बंद.
५. कोणतीही पूरक गोळी, 'नैसर्गिक' असली तरी, डॉक्टरांना विचारून घ्या. आणि डॉक्टर घाईत असले तर पुन्हा विचारा.

आमचे दिवाणजी आता रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत चालत जातात. वजन ७८ वर आले, सोनोग्राफी सुधारली. भाजीतली हळद मात्र पूर्वीइतकीच आहे, आणि ती तशीच राहू द्या.