गेटवर तुमचा हुकूम कुठवर चालतो

पेन्शनीवर आलेल्या फौजीचं पहिले दोन-तीन महिने गावात कौतुक असतं. मग घरातलीच माणसं विचारायला लागतात, "आता पुढं काय?" आमच्या साताऱ्याकडं याचं उत्तर बहुतेक एकच: सिक्युरिटी. शिरवळ, चाकण, रांजणगाव, कुठंतरी आपल्या रेजिमेंटचा एखादा सुभेदार आधीच चिकटलेला असतो. तो म्हणतो, "या, गेट सांभाळायचंय, तुम्हाला काय नवीन?" मीही असाच आलो. सगळी नोकरी मिलिटरी पोलिसात काढली आणि त्यानंतर बरीच वर्षं कारखान्यांची सुरक्षा पाहिली. आता पेन्शनीवर येणारी मुलं सल्ल्यासाठी घरी येतात, तेव्हा मी त्यांना पगार किती मिळेल ते सांगत नाही. आधी विचारतो, गेटवर माणूस अडवायचा अधिकार तुला कुणी दिलाय? बहुतेक जण छाती पुढं काढतात आणि गप्प बसतात.

मिलिटरी पोलिसाची लाल टोपी पाहिली की छावणीत भल्याभल्यांचा पट्टा आपोआप घट्ट होतो. आउटपास नसेल, गाडीला कागद नसतील, बाजारात दारू पिऊन दंगा केला असेल, तर आम्ही उचलत होतो. साहेबांची गाडीसुद्धा थांबवत होतो. पण हा रुबाब आमच्या मिशांचा नव्हता. १९५० च्या आर्मी ॲक्टात प्रोव्होस्ट मार्शल आणि त्याच्या हाताखालच्या माणसांसाठी १०७ वं कलम आहे, त्याचा होता. शिवाय तो चालायचा फक्त आर्मी ॲक्टखाली येणाऱ्या माणसावर. छावणीच्या रस्त्यावर सिव्हिलमधला पोरगा हेल्मेट न घालता सुसाट गेला, तर आम्ही नंबर लिहून घ्यायचा आणि सिव्हिल पोलिसांना कळवायचं. बेंगळुरूच्या सेंटरमध्ये रंगरूट असल्यापासून हे डोक्यात भरवलेलं असतं. ज्याला हात लावणार, तो कुठल्या कायद्याखाली येतो हे आधी बघायचं.

आणखी एक कवच होतं. कर्तव्य बजावताना केलेल्या गोष्टीसाठी सेनादलाच्या माणसाला केंद्र सरकारच्या संमतीशिवाय अटक करता येत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ४५ वं कलम होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४२ वं. डिस्चार्ज बुक हातात पडलं की हे कवच युनिटमध्येच राहतं. आवाज मात्र तुमच्याबरोबर घरी येतो, आणि घात तिथंच होतो.

ओळखीतल्या एका हवालदाराची गोष्ट सांगतो. नाव नको, कारखान्याचंही नको. रात्रपाळी सुटताना एका ठेकेदाराच्या कामगाराच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं वेटोळं सापडलं. हवालदारानं त्याला गार्डरूममध्ये बसवलं, मोबाइल काढून घेतला, बाहेरून कडी लावली. सकाळी मॅनेजर आला की हजर करू, असा विचार. फौजेत क्वार्टर गार्डला असंच करतात ना. इकडं पोरगा घरी पोहोचला नाही म्हणून त्याच्या भावानं रात्रीच पोलीस ठाणं गाठलं. पहाटे गेटवर पोलिसांची गाडी आली ती चोरासाठी नाही, हवालदारासाठी. बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा. कंपनीनं लेखी दिलं, "आम्ही असा कोणताही आदेश दिलेला नव्हता." ते खरंही होतं. तारेची किंमत त्याच्या वकिलाच्या पहिल्या फीइतकीही नसेल.

कायदा सामान्य माणसाला पकडायचा अधिकार देतो, पण मोजून देतो. नागरिक सुरक्षा संहितेचं ४० वं कलम वाचा. गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला पाहिजे, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र पाहिजे आणि पकडलेला माणूस विनाकारण उशीर न करता पोलिसांकडं गेला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्याला सहा तासांची मर्यादाही आली आहे. "सकाळी साहेब आल्यावर बघू" हे आता चालणारच नाही. त्यात पाच हजारांखालची पहिलीच चोरी असली आणि माल परत मिळाला, तर नव्या न्याय संहितेत तिच्याकडं निराळ्या नजरेनं पाहिलं आहे. नोकरानं मालकाच्या मालाची केलेली चोरी पुन्हा वेगळ्या कलमात. याचा कीस गेटवर उभं राहून पाडायचा नसतो. दोन साक्षीदार उभे करा, पिशवी त्याची त्यालाच उघडायला सांगा, सापडलेल्या मालाचा फोटो घ्या, वेळ लिहा, ठाण्याला फोन करा आणि फोन कुणी घेतला त्याचं नाव रजिस्टरमध्ये टाका. बाई असेल तर झडती महिला गार्डच घेईल. महिला गार्ड ड्युटीवर नसेल तर झडती होणार नाही, मग कितीही संशय असो. आणि हात उचलायचा नाही. हे लिहावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण फौजेतून आलेल्या माणसालाच हे जास्त सांगावं लागतं.

वर्दीचंही तसंच. खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा, ज्याला सगळे 'पसारा' म्हणतात, तो स्पष्ट सांगतो की सैन्याची किंवा पोलिसांची वर्दी, किंवा तशी दिसणारी वर्दी, खासगी गार्डनं घालायची नाही. घातली तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी एजन्सीवाले चितकबरी कपडे शिवून देतात, कारण गिऱ्हाइकाला ते दिसायला आवडतात. मला एकदा लाल टोपी घालूनच गेटवर उभं राहा म्हणाले होते. मी टोपी ट्रंकेतच ठेवली. त्याच कायद्याच्या नियमांत गार्डला १६० तासांचं प्रशिक्षण आहे, माजी सैनिकाला त्यातून सूट देऊन ५६ तासांचं. ते करा. "आम्हाला काय शिकवणार?" म्हणत नुसतं सर्टिफिकेट घेणारे पुष्कळ पाहिलेत. रायफल खोलून जोडता येते, पण गेटपास वाचता येत नाही, अशी त्यांची गत असते.

आणि गेटपास हाच खरा मोर्चा आहे. फौजेतला माणूस कुंपणाकडं बघतो. कारखान्याचा माल कुंपणावरून फारच थोडा जातो. तो मुख्य गेटमधून, दिवसाढवळ्या, सही-शिक्क्यानिशी जातो.

भंगाराच्या गाडीचंच घ्या. गाडी आधी रिकामी काट्यावर जाते, मग भरून. दोन्हींतला फरक तो माल, आणि त्याचेच पैसे कंपनीला मिळतात. मग भंगारवाल्याचा फायदा कशात? रिकाम्या गाडीचं वजन जास्त दिसण्यात. म्हणून पहिल्या वजनाला ड्रायव्हर, क्लीनर आणि दोन हमाल केबिनमध्येच बसून राहतात. डिझेलची टाकी काठोकाठ असते. हौदाखाली पाण्याची एखादी टाकी बसवलेली असते. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो. काटा झाला की यार्डातल्या नाल्यात नळ सोडून द्यायचा. गाडी भरून परत काट्यावर येते तेव्हा हमाल खाली, पाणी नाल्यात, आणि वर तेवढं पितळ फुकट. कच्चा माल आत येताना हाच खेळ उलटा. मग भरल्या गाडीत माणसं आणि पाणी असतं, आणि रिकामी होऊन जाताना नसतं.

याला बंदूक लागत नाही. दोन्ही वजनांना सगळी माणसं खाली उतरवा. स्वतः वाकून गाडीच्या पोटाखाली बघा. मागच्या फेरीचं रिकामं वजन आजच्याशी ताडून पाहा. एकाच गाडीचं रिकामं वजन दर खेपेला तीन-चारशे किलोंनी हलत असेल, तर कुठंतरी पाणी मुरतंय, इथं अगदी शब्दशः. स्टोअर आणि सिक्युरिटी दोघांच्या सह्या घ्या, पण एकानं दुसऱ्याची सही बघून करू नये. गेटपासवर सही करायचा अधिकार ज्यांना आहे, त्यांच्या नमुना सह्या गेटवर फाइलला ठेवा, आणि साहेब बदलला की त्याच दिवशी पान बदला. आणि काट्यावर तोच तो माणूस वर्षभर ठेवू नका. माणूस वाईट असतो म्हणून नाही. रोज भेटणाऱ्या ड्रायव्हरचा चहा किती दिवस नाकारायचा?

आता नफरीचा हिशेब. फौजेत संत्री दोन तास पहारा देतो आणि चार तास सुटतो, म्हणजे एका पोस्टला तीन जवान, वर गार्ड कमांडर वेगळा. कारखान्यात आठ तासांच्या पाळीनं एका पोस्टच्या आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एक माणूस सहा पाळ्या करणार, म्हणजे साडेतीन माणसं, रजा-आजार धरून चार. ठेक्यात मात्र बारा तासांची दोन माणसं लिहिलेली असतात. त्यातला एक आला नाही की दुसरा तसाच पुढं चालू. पहाटे तीन वाजता त्याचे डोळे मिटणारच. तुम्ही फौजेच्या सवयीनं राउंडला जाऊन त्याला झोपलेला पकडाल आणि दंड लावाल. दंड लावण्याआधी हजेरीपट बघा. मी मॅनेजमेंटला नेहमी लेखी कळवत आलो: इतक्या पोस्ट, इतकी माणसं, इतकी कमी. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पण कागद गेलेला असतो.

शौर्याबद्दल पोरं फार विचारतात. आमच्या जिल्ह्याचे तुकाराम ओंबळे. आधी फौजेत सिग्नल्समध्ये, मग मुंबई पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात काठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्यापुढं मान लवते. पण पोरांना मी त्या रात्रीची दुसरी बाजू सांगतो. अतिरेक्यांनी पळवलेल्या स्कोडा गाडीचा निरोप वायरलेसवर आला होता आणि तो ऐकून चौपाटीला नाकाबंदी लागली होती, म्हणून ती गाडी थांबली. २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, त्यात डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, म्हणजे डीएससीचे, पाच जण गेले. म्हणजे पेन्शनीवर येऊन पुन्हा भरती झालेले आपल्यासारखेच फौजी. त्यांच्यातल्या जगदीश चंद यांनी निःशस्त्र असताना अतिरेक्याशी झुंज घेऊन त्याचीच रायफल हिसकावली. असा प्रसंग आला तर तुमचं रक्त तुम्हाला सांगेलच काय करायचं. माझं काम तो प्रसंग गेटच्या आत येऊ न देणं आहे, आणि ते काम कंटाळवाणं आहे.

डीएससीचा विषय निघालाच आहे, तर जमत असेल त्यानं आधी तिकडं बघावं. खासगी गेटपेक्षा ते केव्हाही बरं. फक्त तिथली दुसरी पेन्शन हवी असेल तर तिथंही १५ वर्षं भरावी लागतात. थोड्या महिन्यांसाठी पेन्शन हुकलेले लोक ट्रिब्युनलच्या पायऱ्या चढताना दिसतात. तेव्हा वय मोजूनच नाव द्या. नाहीतर पुण्याचं 'मेस्को', म्हणजे आपलं माजी सैनिक महामंडळ, आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

गनमनच्या नोकरीचं आमिष मोठं असतं, कारण पगार बरा दिसतो. पण लायसन्स तुमच्या नावावर असतं, मालकाच्या नाही. मालकाच्या मुलाच्या लग्नात हवेत बार काढला, तर खटला तुमच्यावर. बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली, तरी तुमच्यावर. लायसन्सचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल आणि शेठ तुम्हाला गाडीत घालून गोव्याला निघाला, तर बंदूक घरी ठेवा किंवा स्वतः घरी राहा.

शेवटी, कुठलीही जागा धरण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: एजन्सीच्या लायसन्सची प्रत, कामाचे लेखी आदेश आणि नेमणूकपत्र. ड्युटी बजावताना केस झाली तर वकील कोण देणार, हे नेमणूकपत्रात लिहून मागा. एचआरवाला हसेल, म्हणेल, "साहेब, असं कुणी मागत नाही." हसू दे. लिहून दिलं नाही, तर निदान तुम्ही विचारल्याचा ईमेल राहील. आणि या सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवा. गार्डरूमच्या कपाटात ठेवलेले कागद भांडणाच्या दिवशी सापडत नाहीत.