पहिली चूक यंत्रात होऊ दे

अगं सई, ‘हेडसेट घालून सर्जरी शिकणं म्हणजे व्हिडिओ गेम’ असं तुझे सीनियर म्हणाले, म्हणून तू स्किल लॅबकडे फिरकत नाहीस? हे मला मुळीच पटलेलं नाही.

2002 साली येल विद्यापीठात 16 रेसिडेंट्सचे दोन गट केले होते. एका गटाने आधी सिम्युलेटरवर हात बसवला, मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय दुर्बिणीतून यकृतापासून सोडवलं. सराव केलेल्यांचं काम 29 टक्के लवकर झालं. आणि बाकीच्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती. तेव्हाचं यंत्र म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा आणि दोन हँडल, एवढंच.

असं का होतं, ते तुला ओटीत कॅमेरा धरताना दिसेलच. साधन पोटाच्या भिंतीत पोर्टच्या भोकापाशी टेकलेलं असतं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. त्यात पडदा सपाट, खोलीचा अंदाज येत नाही. हे उलटं गणित बोटांत मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी पोटावर काढावा लागतो. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये ते पोट कुणाचं असतं? पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईचं, नाहीतर अक्कलकोटहून एसटीने आलेल्या शेतमजुराचं. खासगी दवाखाना परवडत नाही म्हणून ते आपल्याकडे येतात. त्यांच्या अंगावर आपण शिकतो, हे त्यांना कुणी सांगतही नाही. मला हे फार लागतं गं.

आता यंत्रात काय नाही, तेही ऐक. पाठीच्या मणक्यात सुई घालताना मज्जारज्जूभोवतीचा पडदा ओलांडला की बोटांना एकदम सैल लागतं. साध्या हेडसेटमध्ये ते कळत नाही. तशी जाणीव देणारी यंत्रं आहेत, पण महाग. आणि तेलुगूत कण्हणाऱ्या आजीला ‘नोप्पी एक्कडा?’ विचारायला तुला वॉर्डातच शिकावं लागेल.

तुमच्याकडे हेडसेटला नंबर लागत नसेल, तरी अडून बसू नकोस. प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाड, मोबाईलचा कॅमेरा आत लाव, ओटीच्या सिस्टरकडून बाद झालेली साधनं मागून घे आणि पडद्याकडे बघत शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाक. डाव्या हातानेसुद्धा.

2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसच्या पोरांनाही स्किल लॅब आहे. तू तर पीजी. उद्या राउंड संपला की लॅबच्या मॅडमना भेट आणि आठवड्यातली एक ठरलेली वेळ मागून घे. सीनियर हसले तर हसू देत.